खडकवासला 'शंभर टक्के' भरलं म्हणजे नक्की काय भरलं?

मुठेकाठी

दर पावसाळ्यात एक बातमी न चुकता फिरते: "खडकवासला शंभर टक्के भरलं, पुणेकरांची वर्षाची चिंता मिटली." या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याचा दुसऱ्या अर्ध्याशी काही संबंध नाही, म्हणून हा धागा.

साखळीत चार धरणं. उपयुक्त साठा असा: मोसे नदीवर वरसगाव १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), आंबी नदीवर पानशेत १०.६५, मुठेवर वर टेमघर ३.७१ आणि सगळ्यांच्या खाली खडकवासला १.९७. बेरीज २९.१५. म्हणजे ज्याच्या नावाने साखळी ओळखली जाते ते धरण साखळीच्या सात टक्केसुद्धा नाही. वरच्या तिघांचं पाणी मात्र याच्याच पोटातून शहराला आणि कालव्याला जातं. धरण कमी, नळाची तोटी जास्त.

आता हिशेब. १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे २,८३२ कोटी लिटर. शहराची उचल १,६०० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) धरा. एकटं खडकवासला काठोकाठ भरलं आणि वरून थेंब आला नाही, तर ते ३५ दिवस पुरेल. तेही कालव्याला काही न सोडता आणि बाष्पीभवन शून्य धरून. वर्षाची चिंता मिटली का हे बघायचं तर वरसगाव आणि पानशेतचे आकडे बघा.

दुसरं, टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची असते. 'शून्य टक्के' म्हणजे धरण कोरडं नव्हे. विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) तळपातळीखालचा मृत साठा त्यात धरलेला नसतो.

कट्टेकरी

मग भरलं की लगेच सोडून का देतात? इकडे दिवसाआड पाणी आणि तिकडे नदीत हजारो क्युसेक. ऑगस्टपर्यंत अडवून ठेवायला काय होतं?

गेजपट्टी

दर वर्षीचा प्रश्न आहे, एकदा आकड्यात मांडतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिलं की १ टीएमसी होतं. हा एक आकडा पाठ करून ठेवा, निम्म्या बातम्यांचा अर्थ आपोआप लागतो.

समजा वरची धरणं भरत आली आहेत, रात्री घाटमाथ्यावर जोर आहे आणि खडकवासल्यात येवा (आत येणारं पाणी) ३०,००० क्युसेक. तुम्ही सोडताय १०,०००. बाकी २०,००० दर सेकंदाला साठतंय, म्हणजे तासाला ०.०७२ टीएमसी. धरण नव्वद टक्क्यांवर असेल तर रिकामी जागा ०.१९७ टीएमसी. ती भरायला पावणेतीन तास लागतात. त्यानंतर हातात काही उरत नाही, येईल तेवढं सोडावंच लागतं, आणि तेही बहुधा पहाटे, नदीकाठ झोपेत असताना.

म्हणून 'भरून ठेवा' हा सल्ला वरसगावला लागू पडतो, खडकवासल्याला नाही. पावसाळ्यात कोणत्या तारखेला कोणत्या पातळीपर्यंत भरायचं याचं वेळापत्रक प्रत्येक मोठ्या धरणाला असतं. जुलैत मुद्दाम जागा रिकामी ठेवतात, सप्टेंबरअखेर भरत नेतात. खडकवासल्यात ठेवायला जागाच थोडी, म्हणून तिथे विसर्ग तासातासाला बदलताना दिसतो. यात गैरव्यवस्थापन कधीच नसतं असं नाही. पण विसर्ग वारंवार बदलतोय एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

वरच्या धरणांच्या खालचं मोकळं पाणलोटही विसरू नका. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला आणि त्यातला निम्माच वाहून आला तरी ०.१८ टीएमसी होतो. वरचे सगळे दरवाजे बंद असतानाही खडकवासला फुगतं ते यामुळे.

कट्टेकरी

समजलं. पण मग दरवाजे आधीच थोडे उघडून ठेवायचे, दोन-दोन इंच?

गेजपट्टी

दोन इंचच नेमकं चालत नाही. आजचे दरवाजे वक्राकार, संख्या ११. असा दरवाजा अगदी थोडा उचलून ठेवला की खालच्या रबरी सीलला चाटून जाणारं पाणी त्याला थरथरवतं. सील फाटतं, बोल्ट ढिले होतात, ट्रनियनवर (दरवाजा ज्यावर फिरतो त्या खिळीवर) हादरे बसतात. त्यामुळे कमी विसर्ग हवा असेल तर मोजकेच दरवाजे पुरेसे उचलतात. सगळे उचलायचे झाले तर मधून सुरुवात करून दोन्हीकडे सारखे, टप्प्याटप्प्याने. एकाच बाजूचे उचलले तर खाली पाण्याचा भोवरा फिरून पायथ्याचा खडक आणि मार्गदर्शक भिंत खातो.

'दरवाजा अर्धा मीटर उचलला' यावरून विसर्गही कळत नाही. दरवाजाखालच्या उंबऱ्याच्या वर ३ मीटर पाणी असेल तर अर्धा मीटर उघडीप दर मीटर रुंदीला साधारण ८८ क्युसेक देते. पातळी वाढली की तीच उघडीप जास्त पाणी सोडते, कारण वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळात वाढतो. म्हणून दरवाजाला हात न लावताही विसर्गाचा आकडा वाढलेला दिसू शकतो.

सिंहगडरोड

निळी रेषा, लाल रेषा कुणी सोप्या भाषेत सांगेल का? बिल्डर म्हणतो "आपण लाल रेषेच्या आत आहोत पण निळीच्या बाहेर, म्हणजे सेफ."

मुठेकाठी

'सेफ' हा शब्द त्याचा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींवर परवानगी.

लोक इथे फसतात ते असे: १०० वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षं निवांत नव्हे. दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. २५ वर्षांच्या पुराची त्याच काळात ७० टक्के. बिल्डरला या दोन टक्केवाऱ्या विचारा.

शिवाय रेषा आखताना नदीचा जो काटछेद धरला तो आज तसाच आहे का, हा प्रश्न वेगळाच. पात्रात राडारोडा टाकला, भराव घातला, पुलाचे खांब वाढले की तेवढ्याच क्युसेकला पाणी जास्त वर चढतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याजवळच्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग पस्तीस हजारांच्या घरात होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो पंचेचाळीस हजारांपुढे गेला होता. नुसता विसर्गाचा आकडा बघून 'पाणी येणार नाही' असं ठरवू नका. धरणाच्या खाली पडणारा पाऊस, ओढ्यांचं तुंबणं आणि पात्राची अवस्था त्यात मिळवा.

तळमजल्यावाल्यांसाठी एकच व्यावहारिक गोष्ट: विसर्ग वाढवल्याचा निरोप आला की मीटर रूमचा मुख्य स्विच, लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करणं, बेसमेंटमधल्या गाड्या, याच क्रमाने. लोक आधी गाड्यांकडे धावतात. लिफ्ट खड्ड्यात राहते आणि महिनाभर बंद पडते. नदीपात्रातला ठेंगणा भिडे पूल बुडण्याची वाट बघून मग हालचाल करणं हेही चुकीचं. तो साधारण १८–२० हजारांच्या आसपास पाण्याखाली जातो, आणि तिथून पस्तीसवर जायला फार वेळ लागत नाही हे वरच्या गणितात आलंच.

गॅलरीतला_ड्रेन

विसर्ग झाला, आता भिंतीबद्दल कुणीतरी लिहा म्हणणार होतो, मीच लिहितो.

खडकवासल्याची मूळ भिंत १८७९ ची, दगडी. कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली झाली, म्हणून जलाशयाला फाइफचं तळं म्हणत. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा इथेच बसवले. त्या काळच्या भिंतींची एक अडचण अशी की पायाखालून वर रेटणारा पाण्याचा दाब, ज्याला उत्थापक दाब म्हणतात, तो संकल्पनेत धरलेलाच नसे. १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटल्यावर जगाचं डोकं ठिकाणावर आलं.

पानशेत त्याउलट मातीचं. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं त्याला 'अतिवृष्टी' म्हणणं हा सोयीचा शब्द आहे. काम पुरतं झालेलं नव्हतं आणि साठा मात्र चढत होता. मातीच्या भरावातून गेलेल्या विमोचक नळाला सळई नव्हती, दरवाजे चालवायची यंत्रणा पूर्ण नव्हती. अर्धवट उघड्या दरवाजातून कोंडून धावणाऱ्या पाण्याने नळ खिळखिळा झाला, त्यावरची माती आत ओढली जाऊ लागली आणि नळाच्या बरोब्बर वर भरावाचा माथा खचत गेला. पाणी वर चढत होतं, माथा खाली येत होता. जवानांनी वाळूची पोती रचून दोन्हींमधलं अंतर राखायचा प्रयत्न केला. सकाळी ते अंतर संपलं. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही आणि दुपारी तीही भिंत गेली. पुढे न्यायमूर्ती नाईक आयोगाने चौकशी केली.

मातीच्या धरणात नळ ही सर्वात नाजूक जागा असते, कारण रोलर नळाला चिकटून फिरू शकत नाही. तिथली दबाई हाताने, पातळ थरांत करावी लागते आणि तिथेच घाई होते. आजही कुठल्याही पाझर तलावावर गेलात तर आधी नळाच्या बाहेरच्या तोंडाभोवती बघा.

पाटकरी_टेल

बघायचं म्हणजे काय बघायचं? गळती तर प्रत्येक धरणाला असते.

गॅलरीतला_ड्रेन

असतेच. गळती किती यापेक्षा ती कशी आहे आणि बदलतेय का, हे महत्त्वाचं.

मातीच्या धरणाच्या पायथ्याशी चर असतो, त्यात व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) बसवलेली असते. नव्वद अंशाच्या नॉचवर पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर गळती सेकंदाला ०.७७ लिटर, १० सेंटिमीटरला ४.३६ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपटीहून जास्त. म्हणून 'थोडंच वाढलंय' असं डोळ्याने म्हणू नये, पट्टी लावून वहीत लिहावं आणि शेजारी त्या दिवशीची जलाशयाची पातळी लिहावी. पातळी तीच असून गळती वाढली तर गडबड.

त्याहून महत्त्वाचा रंग. काचेच्या बाटलीत पाणी भरून एक तास उभं ठेवा. तळाशी मातीचा थर बसला तर भरावातली माती वाहून येतेय, म्हणजे आत पोकळ नळी तयार होतेय. स्वच्छ पाच लिटरपेक्षा गढूळ अर्धा लिटर जास्त धोकादायक.

पायथ्याला जमिनीतून उकळी फुटल्यासारखं पाणी येऊ लागलं तर चिखल किंवा चिकणमाती कोंबून ते बुजवायचं नाही. ही चूक इतकी सर्रास होते की विचारू नका. पाणी बुजत नाही, शेजारून दुसरं तोंड काढतं आणि आतला दाब वाढतो. बरोबर पद्धत अशी: उकळीभोवती पोत्यांचं गोल कडं रचायचं, आत आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्यायचे. पाणी वाहू द्यायचं, माती अडवायची. कड्यात पाणी साठून उलटा दाब देतं आणि उकळी शांत होते. त्याच वेळी वरून जलाशयाची पातळी उतरवायला घ्यायची.

दगडी धरणाचं शास्त्र थोडं वेगळं. तिथे गॅलरीत (भिंतीच्या आतल्या बोगद्यात) उतरणाऱ्या ड्रेनमधून पाणी येणं हे काम चालू असल्याचं लक्षण. गॅलरीतली गळती अचानक कमी झाली तर पेढे वाटू नका. चुन्यातलं कॅल्शियम विरघळून पांढरे थर जमतात आणि ड्रेन बुजतात. उत्थापक दाबाचे मीटर वर गेले असतील तर भिंत बरी झालेली नाही, तिची नाकपुडी बंद झाली आहे. ड्रेन पुन्हा ड्रिल करून मोकळे करावे लागतात.

टेमघर याच जातीचं. २०१६ मध्ये तिथल्या गळतीची मोठी चर्चा झाली. दगडांमधले सांधे मसाल्याने पुरते भरले गेले नसले की असं होतं. उपाय म्हणून भिंतीत भोकं पाडून दाबाखाली सिमेंटची ग्राउट (पातळ लगदा) भरली आणि पाण्याकडच्या तोंडावर तंतुमिश्रित शॉटक्रीटचा (फवारलेल्या काँक्रीटचा) थर दिला. गळती बरीच उतरली. ग्राउटिंग आधी आणि नंतर पाणीशोष चाचणी घेतात, तिचं एकक लुजॉन: १० बार दाबाखाली दर मीटर भोकात मिनिटाला १ लिटर पाणी शोषलं तर १ लुजॉन. नुसती 'इतकी हजार पोती सिमेंट जिरवलं' अशी बातमी आली तर लुजॉन किती होतं आणि किती झालं ते विचारा. पोती ही ठेकेदाराची मोजणी.

कट्टेकरी

आणि खेकडे? 😀

गॅलरीतला_ड्रेन

हा प्रश्न येणारच होता. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकडे, आणि त्याआधी २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला तेव्हा उंदीर-घुशी-खेकडे, असं सरकारकडून सांगितलं गेलं.

बिळं हे खरं कारण असू शकतं, विशेषतः कालव्याच्या अरुंद बांधात. घुशीचं बीळ काही मीटर जातं आणि बांधाचा माथाच तेवढा रुंद. पण बीळ एका रात्रीत होत नाही. पावसाळ्यापूर्वीची तपासणी नेमकी त्यासाठीच असते. बीळ दिसलं की तोंडावर माती लोटून चालत नाही. शेवटापर्यंत उकरायचं, ओलसर माती थराथराने ठोकून भरायची, नाहीतर आत पोकळी तशीच राहते. भरावावरची झाडं तोडतात तीही त्याचसाठी. झाड मेलं की मूळ कुजतं आणि पाण्याला आयता बोगदा मिळतो. तोडताना खोड कापून मूळ आत ठेवणं म्हणजे काम अर्धवट.

शहरातल्या कालव्याला माणसांचाच त्रास जास्त: केबलसाठी खणलेला चर, बांध कोरून बसवलेला पाइप, बांधालाच टेकवलेली भिंत. आणि कालवा फुटला की 'पाणी बंद करा' म्हणून लगेच बंद होत नाही. २० चौरस मीटर काटछेदाच्या कालव्यात फुटीच्या वर दहा किलोमीटरमध्ये दोन लाख घनमीटर पाणी आधीच आलेलं असतं. शीर्षद्वार बंद केल्यावरही ते वाहतच राहतं. मधले एस्केप दरवाजे चालू स्थितीत असतील तर ते ओढ्याला काढता येतं. त्यांना वर्षानुवर्षं ग्रीस नसेल तर नाही.

कायद्याचं एक वाक्य: धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रमाणे १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरणाची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक आहे. १० ते १५ मीटरची काही धरणंही अटींनुसार त्यात येतात. तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. मागताना 'धरण सुरक्षित आहे का' असं विचारू नका, 'अमुक वर्षाचा पावसाळापूर्व आणि पावसाळोत्तर तपासणी अहवाल व त्यातील त्रुटींवर केलेली कार्यवाही' असं मागा.

पाटकरी_टेल

सगळं पुण्याच्या बाजूने चाललंय, जरा खालच्या अंगाला या. नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर, हडपसर-लोणीवरून दौंड आणि पार इंदापूरपर्यंत. १,००० क्युसेकने तीस दिवसांचं आवर्तन (पाण्याची एक पाळी) दिलं तर २.६ टीएमसी लागतं. १,६०० एमएलडी वर्षभर उचललं तर शहर २०.६ टीएमसी पितं. २९.१५ मधून ते आणि बाष्पीभवन वजा करा आणि सांगा रब्बीत किती आणि उन्हाळ्यात किती आवर्तनं बसतात.

म्हणून आमच्याकडे बघायची तारीख १५ ऑक्टोबर. त्या दिवशीच्या साठ्यावर कालवा सल्लागार समिती वर्षाचं नियोजन करते, आणि पिण्याचं पाणी पुढच्या जुलैपर्यंत राखून उरलेलं शेतीला. त्या बैठकीच्या आधी पाणी अर्ज, नमुना ७, भरलेला असला पाहिजे. 'आवर्तन सुटलं की भरू' म्हणणाऱ्याचं क्षेत्र मागणीत दिसत नाही, आणि मागणी कमी दिसली की पुढच्या वर्षी आवर्तन कापायला कारण मिळतं. पाणीवापर संस्था असेल तर चारीच्या तोंडाशी मोजून घ्या, प्रवाहमापकाची पट्टी रोज दोन वेळा लिहा. टेलपासून (कालव्याच्या शेवटापासून) हेडकडे (सुरुवातीकडे) पाणी द्यायचा नियम कागदावर आहेच. हेडचे लोक रात्री मोगा (शेताला पाणी देणारं तोंड) उघडतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पंपाच्या विहिरीतून) शुद्ध केलेलं सांडपाणी बेबी कॅनॉलला (जुन्या मुठा कालव्याला) द्यायचं, वर्षाला ६.५ टीएमसी, ही योजना कागदावर चांगली. पण पाण्याला फेस आणि वास असेल तर शेतकरी ते घेणार नाही, आणि ठिबकच्या नळ्या चोंदतात ते वेगळंच. वाळूचा फिल्टर आणि आठवड्याला लॅटरल (ठिबकच्या नळ्या) फ्लश केल्याशिवाय ते पाणी ठिबकला लावू नका.

कट्टेकरी

मग गाळ काढा ना! शंभर-सव्वाशे वर्षांचा गाळ आहे, साठा वाढेल.

गेजपट्टी

काढावा, काठावरच्या शेताला सोनं आहे ते. पण टीएमसीची भाषा करू नका. १ टीएमसी जागा करायला २८३ लाख घनमीटर गाळ काढावा लागेल. एका हायवा डंपरमध्ये १४ घनमीटर धरले तर वीस लाख खेपा.

बोगद्यावर बोला हवं तर. खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा प्रस्तावित आहे. उघड्या कालव्यातली गळती, चोरी, बाष्पीभवन वाचेल आणि दांडेकर पुलासारखा प्रकार टळेल. तोटा असा की कालव्याच्या पाझरावर ज्यांच्या विहिरी भरतात त्यांचं पाणी आटेल, आणि त्यांना कुठल्याच कागदावर लाभधारक म्हणून स्थान नाही.

पाटकरी_टेल

+१, शेवटचं वाक्य अधोरेखित करा कुणीतरी.

रविवारची_चौपाटी

विषय जड झालाय. एक साधा प्रश्न: एप्रिल-मेमध्येही खडकवासल्याच्या चौपाटीवर पाणी भरलेलं दिसतं, तेव्हा टंचाईच्या बातम्या का? आणि कडेकडेने पाण्यात उतरायला काय हरकत? गुडघाभरच असतं.

मुठेकाठी

पहिल्याचं उत्तर: पंप आणि कालव्याच्या तोंडाला ठरावीक पातळी लागते, म्हणून पानशेत-वरसगावातून पाणी आणून खडकवासला वर धरून ठेवतात. चौपाटीवरून टंचाई दिसत नाही. पानशेतच्या रस्त्यावरून दिसते.

दुसऱ्याचं उत्तर: गुडघाभर हीच फसवणूक. पाणी मागे सरकलं की काठाला जो सपाट चिखल दिसतो त्याची वरची साय वाळलेली असते आणि खाली लोणी. पाय पोटरीपर्यंत रुततो, माणूस दुसरा पाय टेकून ओढतो, तोही रुततो. त्यापुढे जुन्या नदीपात्राची कड येते आणि एका पावलात तळ जातो. वर कोमट आणि खाली गार अशा थरांमुळे श्वास एकदम अडकतो. बुडणारे बरेचसे पोहता न येणारे असतात हे खरं, पण त्यांना वाचवायला उडी टाकणारे पोहणारे असतात.

वरच्या अंगाला आणखी एक प्रकार. पानशेत आणि वरसगावच्या वीजगृहातून पाणी सोडलं, समजा ६०० क्युसेक, की खालच्या नदीत आभाळ निरभ्र असताना पाणी चढतं. खडकावर बसलेल्यांना पाऊस नाही म्हणून शंका येत नाही. पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून येणं आणि आवाज बदलणं, यापैकी काहीही दिसलं की सामान न उचलता वर चढायचं.

कुणी बुडत असेल तर:
११२ ला फोन एकाने करायचा, नाव घेऊन सांगायचं, "कुणीतरी करा" नाही. दोर, ओढणी-साडी बांधून, झाकण लावलेला रिकामा कॅन, गाडीची स्टेपनी, जे तरंगेल ते फेकायचं. फेकणाऱ्याने आडवं झोपायचं, मागच्याने त्याचे पाय धरायचे. पाण्यात जाणं शेवटचा पर्याय. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, दाब ५–६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी दवाखाना चुकवायचा नाही, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

रविवारची_चौपाटी

बोटिंगला जॅकेट देतात ते पुरेसं का?

मुठेकाठी

घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून दुसऱ्याला वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते ढिलं, पाण्यात ते वर जाईल आणि माणूस खाली. बक्कल तिन्ही लावा. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर ते जॅकेट घालूच नका. आणि आतला फोम दाबून बघा, चपटा होऊन तसाच राहत असेल तर त्याची पोहण्याची उमर संपली.

टाकीवरची_मावशी

पिण्याच्या पाण्यावर कुणीच बोललं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकिटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं गेलं. धरणाच्या कडेला गावं, हॉटेलं, रिसॉर्ट वाढली, सांडपाणी बॅकवॉटरकडेच उतरतं. धरण उशाला असून पाणी शुद्ध येईल असं समजू नका. शुद्धीकरण केंद्रातून न आलेलं, थेट विहिरीतलं किंवा टँकरचं पाणी सोसायटीत येत असेल तर त्यातला क्लोरीन मोजा.

नळाच्या शेवटच्या टोकाला मोकळा क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं ओटी (ऑर्थोटोलिडीन) किट किंवा क्लोरोस्कोप असतो. नळी नळाच्या पाण्याने दोनदा विसळायची, खुणेपर्यंत भरायची, ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांत रंग जुळवायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. उशिरा जुळवलात तर अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो आणि खोटा धीर मिळतो. ओटी हाताला लावू नका, तपासलेलं पाणी पिऊ नका.

सिंहगडरोड

सोसायटीच्या टाकीत पावडर किती टाकायची? आमचा वॉचमन मूठभर टाकतो.

टाकीवरची_मावशी

चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल तर १,००० लिटरला २.५ ग्रॅम. दहा हजार लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात चटणीसारखी कालवायची, मग बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं. खालचा साका ओतला की पाइप आणि फ्लोट वॉल्व्ह चोंदतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच खर्च होतो, आधी निवळू द्या. ओतल्यावर किमान अर्धा तास पंप लावायचा नाही, मग ओटी. रंग आला नाही तर निम्मी मात्रा आणखी, पुन्हा अर्धा तास.

पावडरची पिशवी उघडी ठेवली तर महिन्याभरात तिचा जोर जातो. वास येत नसेल ती टाकू नका, भिंतीला लावा. आणि वॉचमनकडून मूठ काढून घ्या, त्याला चमचा आणि वजनकाटा द्या.

गेजपट्टी

वरच्या पोस्टमध्ये एक भर: टाकी वर्षातून दोनदा धुता तेव्हा तळाशी किती गाळ बसला तो पट्टीने मोजून लिहा. पावसाळ्यानंतर तो एकदम वाढला असेल तर लाइन कुठेतरी फुटलेली आहे आणि बाहेरची माती आत ओढली जातेय. पुरवठा बंद असतानाच्या वेळी पाइपात पोकळी होते, तेव्हा हे घडतं. शोधायची वेळ त्याच्या लगेच नंतरची: पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी वेगळ्या बाटलीत धरा आणि तळाशी माती बसते का बघा.